अवसेची सुटी

मला राग लवकर येतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई एवढी का तडकली. कावेरीच्या कालव्यांवर सरकारी इंजिनियर म्हणून सारी नोकरी केली. कंत्राटदार, शेतकरी, वरचे साहेब, सगळ्यांशी भांडून झालं. आता निवृत्त होऊन तंजावूरला असते. नवरा गेला, मुलगी परदेशात, घरात मी आणि माझा आवाज. आमची मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मूळच्या इथल्याच, बाबा. तीनशे वर्षं झाली.

निवृत्त इंजिनियर म्हटलं की लोकांना एकच प्रश्न सुचतो. लग्नाला जा, बारशाला जा, कुणीतरी खुर्ची ओढून जवळ येऊन बसतंच. समुद्र वर चढतोय म्हणे, आता नागपट्टणम बुडणार का? मद्रास? मुंबई? विचारताना चेहरा असा, की मी हो म्हटलं तर पायसम आणखी गोड लागेल. मी म्हणते, समुद्र चढतोय हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गाव काही आपोआप बुडत नाही. त्यासाठी कुणाचं तरी काहीतरी करायचं राहून जावं लागतं. मला हे पुस्तकं वाचून कळलेलं नाही. आमच्या अक्काच्या गावात जे राहून गेलं होतं, ते माझंच होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तंजावूरहून बसने तीन-साडेतीन तासांवर, समुद्रकाठच्या एका जुन्या बंदराच्या गावात ती राहते. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना आपलं गाव बुडणाऱ्यांच्या यादीत आलेलं आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. किनाऱ्याला परदेशी व्यापाऱ्यांनी बांधलेला किल्ला, त्याच्याजवळ एक चर्च, थोडं पलीकडे जुनं शिवालय. शिवालयाचा पुढचा मंडप समुद्राने केव्हाच नेला. मागच्या बाजूला खांबांच्या ओट्यांची सरळ गल्ली, आणि तिच्या टोकाला अक्काचं घर. लग्न होऊन ती तिथे गेली, मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, नवरा वारला, मुलगा बंगळूरला गेला. अक्का जागची हलली नाही.

गाव वाचवायचं म्हणून मध्यंतरी किनाऱ्यावर दगडांची भिंत घातली. मोठमोठे काळे दगड, एकावर एक. लोक संध्याकाळी तिथे फोटो काढतात. भिंत वाईट नाही, मी तिला नावं ठेवत नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना सुरूची झाडं लावली, तीही चांगली वाढली. पण भिंत म्हणजे निम्मं काम. समुद्र पुढच्या दाराने आत येईल असं सगळ्यांना वाटतं. तो येतो मागून, मोरीतून.

कसा, ते सांगते. गावाच्या मागून एक मोठा चर जातो. आम्ही त्याला वडिकाल म्हणतो. शेतांतलं जास्तीचं पाणी तो समुद्राकडे नेतो, आणि गावातली गटारंही त्यालाच मिळतात. जिथे वडिकाल समुद्राला मिळतो, तिथे एक छोटा पूल आहे आणि पुलाखाली लोखंडाची दोन शटरं. भरती आली की शटरं खाली टाकायची, म्हणजे खारं पाणी आत यायला नको. ओहोटी लागली की वर उचलायची, म्हणजे आतलं पाणी बाहेर जातं. ज्याच्याकडे हे काम असतं त्याला आमच्या खात्यात लस्कर म्हणतात. काम सोपं आहे, फक्त वेळेवर व्हायला हवं.

गेल्या दिवाळीला मी अक्काकडे होते. तिचा मुलगाही बायको-मुलांना घेऊन आला होता. आमच्याकडे पावसाळा तेव्हाच असतो, त्यामुळे फटाके कोरडे राहतील का याचीच सगळ्यांना काळजी. पहाटे तेलाचं न्हाणं झालं, नवे कपडे झाले, सकाळी आठ-साडेआठला अक्का सगळ्यांच्या तळहातावर दिवाळीचं लेहियम, सुंठ-मिऱ्यांचं गोड चाटण, ठेवत होती. तेवढ्यात सुनेने स्वयंपाकघरातून हाक मारली. मोरीच्या भोकातून पाणी वर येत होतं. हळूहळू, बुडबुडे काढत, नळ सोडून ठेवल्यासारखं. बघता बघता फरशीवर घोटाभर झालं आणि तांदळाच्या डब्याखाली गेलं.

मुलाने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "खारं आहे," तो म्हणाला.

अक्का म्हणाली, "येतं असं अधनंमधनं. उतरतं दुपारी. तू लेहियम खा."

"अधनंमधनं म्हणजे? कधीपासून?"

अक्काने लेहियमचा चमचा पुढे केला. शेजारच्या बाईने ओट्यावरून सांगून टाकलं की गेली तीन-चार वर्षं येतं, आणि अक्काच्या विहिरीचं पाणीही आता तोंडात धरवत नाही. अय्यो, मला तरी कुठे ठाऊक होतं! फोनवर मला सांगायची, सगळं बरं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या बहिणीपासून लपवायचं?

मुलगा शांत स्वभावाचा आहे, आमच्या घरात तो कुठून आला कोण जाणे. दुपारी पाणी उतरल्यावर त्याने आईला समोर बसवलं. "अम्मा, मी भांडत नाही. एकच सांगतो. पुढच्या अवसेपर्यंत बघू. तेव्हा पुन्हा खारं पाणी घरात आलं तर तू इथून निघायचं. बंगळूर नको असेल तर तंजावूरला मावशीकडे राहा. पण या घराला कुलूप."

अक्काने हातातलं फरशी पुसायचं फडकं पिळलं. मग म्हणाली, "बरं. आलं तर येते. मी सांगटलं म्हणजे सांगटलं."

आता खरं ते लिहिते. त्या क्षणी मला आनंद झाला. ती तंजावूरला येईल, सकाळी दोघी कॉफी पिऊ, संध्याकाळी देवळात जाऊ, भांडायला हक्काचं माणूस मिळेल. एकटीने जेवायचा मला अगदी वीट आला होता. महिन्याभराने अक्का माझ्या घरी असणार, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

पण इंजिनियरची खोड जात नाही. शटरं असताना पाणी आत आलंच कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन मी पुलावर गेले. लस्कर तिथेच होता, स्क्रूला ग्रीस लावत. पन्नाशीचा माणूस, त्याचा बापही माझ्या वेळी तिथेच लस्कर होता. मला पाहून त्याने ग्रीसचे हात मागे घेऊन नमस्कार केला. मी नमस्कार घेतला नाही. माझा तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, काल भरतीच्या वेळी शटरं वर होती ना? एक फूट तरी वर होती, मला गल्लीतल्या पाण्यावरून कळतं. कुठे होतास तू? कशासाठी ठेवलंय तुला इथे? म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात समुद्र घुसलाय! पुलावरून जाणारे दोन सायकलवाले थांबले, एक मासेवाली टोपली खाली ठेवून बघायला लागली. मला अजून जोर चढला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काल अवस होती, अम्मा."

"म्हणून?"

तो पुलाच्या खोलीत गेला, पत्र्याची पेटी उघडली आणि एक जुनं रजिस्टर घेऊन आला. पानं पिवळी पडलेली. एका पानावर बोट ठेवून त्याने ते माझ्यापुढे धरलं. "हे अक्षर तुमचंच ना?"

माझंच होतं. खाली माझीच सही, तरुणपणीची, शेवटी मोठा फराटा मारलेली. अवसेला लस्करला सकाळची सुटी असावी, आदल्या संध्याकाळी दोन्ही शटरं एक फूट वर ठेवून त्याने जावं, हा कायमचा हुकूम समजावा.

सायकलवाले बघतच होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सगळं आठवलं. मी तेव्हा नुकतीच असिस्टंट इंजिनियर झाले होते, या पट्ट्यातली पहिलीच बाई. या लस्करचा बाप माझ्याकडे आला होता, हात जोडून. म्हणाला, घरात तर्पण करणारा मी एकटा. अवसेला सकाळी शटरपाशी उभा राहतो, वाडवडील तहानलेले राहतात. त्याच वर्षी आमचे बाबा गेले होते. अवसेला घरातले पुरुष दर्भ-तीळ घेऊन बसले की दारामागे उभी राहून मी रडायचे. मी विचारही केला नाही, तिथेच लिहून दिलं. शटरं एक फूट वर ठेवायची, म्हणजे पाऊस आला तरी माणसाशिवाय पाणी वाहून जाईल, हेही माझंच डोकं. लस्करने मला केळीचा घड आणून दिला होता. केवढा अभिमान वाटला होता मला स्वतःचा!

अवसेला भरती मोठी असते हे मला काय ठाऊक नव्हतं? शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. पण तेव्हा सर्वांत मोठ्या भरतीचं पाणी फटीतून आलं तरी वडिकालातच मावायचं. आता मावत नाही. समुद्र कुणाला न कळवता वर आला आणि माझा हुकूम आहे तिथेच राहिला. आमच्या किनाऱ्याला अवसेची भरती सकाळी आठ-नऊला येते. नेमक्या त्याच वेळी सगळं गाव आंघोळी करून पितरांना पाणी देत असतं. अवसेला आमच्याकडे सुतार रंध्याला हात लावत नाही, गवंडी थापी उचलत नाही. पुनवेला आणि अवसेला समुद्र कंबर कसून येतो, आणि त्यातल्या अवसेच्याच सकाळी आम्ही सगळे हात आखडून बसतो. सगळ्या जगात अशी चूक आम्हीच करू शकतो.

"मग मला बोलला का नाहीस इतकी वर्षं?" मी विचारलं.

"तुमचा हुकूम होता, अम्मा," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. माझा हुकूम म्हणून त्याला त्याचं कौतुकच होतं, हे पाहून मला जास्त लाज वाटली. मी त्याची तिथेच माफी मागितली, सायकलवाल्यांच्या देखत. भांडण सगळ्यांसमोर केलं होतं, म्हणून माफीही सगळ्यांसमोर.

घरी येऊन अक्काला सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "म्हणजे माझ्या मोरीतून तूच येत होतीस, होय गे?" मग डोळे पुसून म्हणाली, "हुकूम तू दिलास, तूच काढून घे."

माझ्याकडे आता हुकूम काढायला शाई तरी कुठे होती? निवृत्त माणूस. तिथला नवा इंजिनियर माझ्या मुलीच्या वयाचा, सभ्य मुलगा. त्याने रजिस्टर पाहिलं, हसू दाबलं आणि जुना हुकूम रद्द केला. पण म्हणाला, "मॅडम, रद्द केला तरी अवसेची रजा मी त्याला नाकारणार नाही. रजा घेणं त्याचा हक्क आहे. दुसरा माणूस मंजूर व्हायला वेळ लागेल." मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. तर्पण सोडून ये असं मीही कुणाला सांगणार नाही.

मग आदल्या दिवशीच शटरं बंद करून जावीत का? तेही जमत नाही. आमच्याकडे त्या दिवसांत शेतांतून पावसाचं पाणी लोटत असतं. शटरं बंद राहिली की ते गावातच साठतं आणि गल्ली गोड्या पाण्याने बुडते. पुलाच्या आत एक मोजपट्टी रंगवलेली असते आणि बाहेर एक. आतलं पाणी वर असेल तोवर शटर उघडं ठेवून ते जाऊ द्यायचं, आणि बाहेरचं वर चढायला लागलं की तत्क्षणी टाकायचं. मग उतरेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा उचलायचं. सकाळभर कुणीतरी तिथे डोळ्यांत तेल घालून उभं राहायला हवं.

त्या संध्याकाळी लस्कर आणि त्याची बायको अक्काच्या ओट्यावर आले. मी माझ्या सगळ्या युक्त्या सांगून पाहिल्या. तो प्रत्येकीला नाही म्हणत मान हलवत होता. शेवटी त्याची बायको म्हणाली, "मी टाकीन शटर. यांना ताप आला होता तेव्हा चार दिवस मीच टाकलं होतं."

लस्कर दचकला. "अवसेला? अवसेला आपण लोखंडाला हात लावत नाही."

"तुम्ही लावू नका," ती म्हणाली. "मी तव्याला रोज लावते. अवसेलाही लावते. तो काय मातीचा आहे?"

अक्का मोठ्याने हसली आणि तिच्याजवळ सरकली. "आणि मोजपट्टी मी वाचते. तर्पण पुरुषांनी करायचं. आपण स्वयंपाक करायचा, कावळ्याला घास ठेवायचा आणि हे लोक येईपर्यंत वाट बघायची. माझं तर तेही नाही. माझ्या घरचं तर्पण बंगळूरला होतं. अवसेला माझ्या हाताला काम काय आहे?"

मी म्हटलं, अक्का, तुझं वय काय! तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतल्या तिच्या मुलींची दया आली. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी पुलावर जायला लागली. दोन्ही मोजपट्ट्यांचे आकडे जुन्या वहीत लिहायची, पाऊस किती, वारा कुठला, तेही. नव्या इंजिनियरने लस्करच्या बायकोला रोजंदारीवर घेतलं. अक्का-आजींचं नाव कागदावर नको, एवढीच त्याची अट. मी तंजावूरला परत आले. फोनवर अक्का मला आकडे सांगायची आणि मी इथे जेवता जेवता ऐकायचे.

कार्तिकाच्या अवसेला मी आदल्या दिवशीच निघाले. पाऊस धो धो. पापनाशमला बस निम्मी रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना भाताची रोपं गळ्यापर्यंत पाण्यात. हे सगळं पाणी उद्या त्याच दोन शटरांखालून समुद्रात जायचं होतं. मी खिडकीतून वाटेतला एकेक चर मोजत राहिले. आणि खरं सांगते, मनात एक चोरही होता. तो म्हणत होता, येऊ दे पाणी. मग अक्का तुझी.

सकाळी सातला आम्ही तिघी पुलावर. लस्करच्या बायकोने पहाटेच कच्च्या केळ्याची भाजी आणि वरणभात करून ठेवला होता, नवरा तर्पण करून येईपर्यंत ती मोकळी. पलीकडे किनाऱ्यावर पुरुषांची रांग, छत्र्या सांभाळत पितरांना तीळ-पाणी देणारी. लस्कर त्यातच होता. दर दोन मिनिटांनी मान वळवून पुलाकडे बघत होता. भटजींचा ओरडा खाल्ला असणार त्याने.

आत पाणी चढत होतं, बाहेर समुद्रही चढत होता. साडेसातला मी म्हटलं, टाका आता. अक्काने ऐकलंच नाही. "आतलं अजून दोन बोटं वर आहे. जितकं जाईल तितकं जाऊ दे. इतक्यात कशाला गे?" मी पाय आपटले. इतकी वर्षं या खात्यात काढली मी! ती छत्रीखाली वाकून मोजपट्टीकडे बघत राहिली, जणू कुणी मुलगी फळ्यावर चुकीचं गणित सोडवतेय. आठला, सव्वाआठला, तरी नाही. मग एकदम तिने हात खाली केला. "टाक!"

लस्करच्या बायकोने हँडल फिरवायला घेतलं. पहिलं शटर खटकन बसलं. दुसरं उतरलं, उतरलं आणि उंबऱ्यापासून चार बोटं वर अडकलं. खाली काहीतरी आलं होतं. फटीतून समुद्र आत उसळायला लागला, फेसासकट. दोघींनी मिळून हँडलवर जोर लावला. हलेना. आतल्या मोजपट्टीची एकेक रेघ पाणी डोळ्यांदेखत गिळायला लागलं. आणखी अर्धा तास असंच चाललं असतं, तर अक्काच्या मोरीत पाणी.

अक्का वळली. केस भिजून कपाळाला चिकटलेले. "काय करायचं गे?" तिने मला विचारलं.

मला ठाऊक होतं काय करायचं. नोकरीत शंभरदा केलं होतं. आणि मी बोलले नाही. एक श्वास घेतला असेन, फार तर दोन. तेवढ्यात मला माझं घर दिसलं, टेबलावर दोन ताटं, तिचा आवाज. मला काही वाईट करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. वय झालं, आठवलं नाही, असं म्हटलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने उभ्या जन्मात मला कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी सांगितलंच होतं.

"उचला!" मी ओरडले. "पूर्ण वर उचला!"

"समुद्र आत येईल!"

"येऊ दे! त्याच्याच लोंढ्याने अडकलेलं निघेल. उचला म्हणते ना!"

मीही हँडलला लागले. तिघींनी शटर वर घेतलं. पाणी भसकन आत घुसलं, पुलाचा कठडा थरथरला, आणि त्या लोंढ्याबरोबर जुन्या जाळ्याचा एक मोठा गुंता, ओंडक्यासकट, खालून सुटून आत वाहत गेला. "टाका!" मी म्हटलं. शटर सरळ खाली गेलं आणि खटकन बसलं. आवाज बंद झाला. पाऊस तेवढा पडत होता.

तिकडे किनाऱ्यावरून लस्कर धावत येत होता, अंगावर भिजलेलं धोतर, दर्भाची अंगठी अजून बोटात. पुलापाशी येऊन त्याने शटरं पाहिली, बायकोला पाहिलं, आणि तिच्या खांद्यावरून तिचा ओला पदर नीट केला. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी भरती उतरली, शटरं उचलली, शेतांचं पाणी गढूळ होऊन समुद्रात गेलं. घरी आलो तेव्हा गल्लीत पाऊल बुडेल इतकं पावसाचं पाणी होतं, गोडं. अक्काची फरशी कोरडी. मोरीचं भोकही कोरडं. मुलाने फोनवर बघायला मागितलं, तिने फोन धरून सगळं स्वयंपाकघर दाखवलं, तांदळाचा डबाही उचलून दाखवला.

"ठीक आहे, अम्मा," तो म्हणाला. "तू जिंकलीस. पण दोन महिने तरी मावशीकडे जाऊन राहा. विश्रांती घे."

"आत्ता?" अक्का म्हणाली. "अवसेनंतर तीन दिवस भरती मोठीच असते. लस्करकडे अशी तीन ठिकाणं आहेत, तो कुठे कुठे पुरणार? पुनवेनंतर बघू. नाही, पुनवेनंतरही नको. तै महिन्यात, पोंगलला, पाऊस थांबला की मग."

मी तिथेच बसले होते. कोरड्या फरशीवर बसून मी त्यांचं ऐकत होते, आणि मला कळलं की ती येणार नाही. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. तिला तिथे मीच ठेवलं होतं, स्वतःच्या तोंडाने ओरडून.

आता लोक मला विचारतात की जुनी गावं वाचतील का. मी म्हणते, वाचतील. भिंत बांधा, झाडं लावा, किनारा भरायला नदीची वाळू समुद्रापर्यंत जाऊ द्या, सगळं करा. पण आधी मागच्या दाराशी कोण उभं आहे ते बघा. तिथे जागं माणूस असेल, तर समुद्राला पुष्कळ वर्षं थांबवता येतं. मी हे ठणकावून सांगते. सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढतो. का, ते त्यांना कळत नाही.

दोन दिवसांनी मी निघाले. दुपारची बस होती. अक्काने मला स्टँडवर सोडलं नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. त्या दिवशी जेवण झाल्याबरोबर तिने छत्री उचलली, ओहोटी लागली म्हणाली, आणि गेली. मी एकटीने घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि पिशवी घेऊन चालत स्टँडवर आले. बस पुलावरून जाते. खिडकीतून मी हात केला. ती मोजपट्टी वाचत होती, तिने वर पाहिलं नाही.